दादा, तुझी फाइल इथे चालत नाही

टोकावडे, ता. मुरबाड

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार शेवटी घालीन. आधी भांडायचं आहे.

तुझी फाइल पोहोचली. सोबत एकच ओळ: ‘ही सोर्स कर, बाकीचं आपोआप होतं.’ आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. विचारत होती, त्याने आणखी काय लिहिलंय? काय सांगणार तिला? आलेख काढणारं पीजीप्लॉट कुठे ठेवलंय, टेम्पो कुठे ठेवलाय, एवढंच लिहिलंय म्हटल्यावर ती म्हणाली, ‘टेम्पो? सामान हलवतोय का? खोली बदलली वाटतं!’ पल्सारच्या ठोक्यांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचंही नाव टेम्पो असतं, हे मी तिला सांगत बसले नाही. तू आलास की तूच सांग. गणपतीला येतो म्हणाला होतास. दिवाळीलाही म्हणाला होतास.

असो. फाइलीचं बोलू.

मुरबाडच्या लॅबमध्ये पोरांना बसवलं, तुझी फाइल सगळ्यांना दिली, म्हटलं करा सोर्स. एकेका स्क्रीनवर तीच ओळ खाली खाली सरकत गेली: ‘सेटएन्व्ह: कमांड नॉट फाउंड’. ‘इफ’च्या आधी तू जितक्या वेळा सेटएन्व्ह लिहिलंस तितक्या वेळा. आणि शेवटी आमच्या कमांडा वाचणाऱ्या शेलची, म्हणजे बॅशची, तक्रार, फाइल अचानक संपली म्हणून. त्याला तसंच वाटणार ना! तू उघडलेला ‘इफ’ मिटलास ‘एंडइफ’ने, आणि तो बिचारा ‘फाय’ची वाट बघत शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या दादांची फाइल बिघडलीय का?’ मी म्हटलं, फाइल धडधाकट आहे, पण दादा टीसीएसएचमध्ये राहतो आणि आपण बॅशमध्ये.

तुला हे ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू? मला हे सगळं शिकवलं कोणी? घरी पहिला संगणक आला तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. वीज गेली की काळ्या पडद्यासमोर अंधारात बसून तू मला तोंडी शिकवायचास. एन्व्हायरन्मेंट म्हणजे काय, हे मी विजेविना शिकलेय. आईने शेतावर जाताना बांधून दिलेली शिदोरी, असं तू म्हणायचास. प्रत्येक प्रोग्रॅम जन्मताना आपल्या जनकाकडून नाव-किमतींचं एक गाठोडं घेऊन निघतो, आणि ते गाठोडं म्हणजे नक्कल असते. वाटेत त्याने त्यात काही घातलं, काही काढलं, तरी घरच्या डब्यात फरक पडत नाही. म्हणून स्क्रिप्ट नेहमीसारखी चालवली तर ती आपल्यापुरता पाथ, म्हणजे कमांडा शोधायच्या जागांची यादी, बदलते, संपते, आणि आपला टर्मिनल होता तिथेच राहतो. बदल टर्मिनलमध्येच हवा असेल तर फाइल त्याच शेलला वाचून दाखवावी लागते. त्यालाच सोर्स करणं म्हणतात.

आता पुढचं मी तुला शिकवू का? फाइल चालवली तर तिच्या पहिल्या ओळीत सांगता येतं की मला अमुक शेल हवा. सोर्स केली की ती ओळ नुसती टिप्पणी ठरते. समोर जो शेल बसला असेल तोच वाचणार, त्याला कळेल तसं. तुझ्या ‘ही सोर्स कर’ या तीन शब्दांमध्ये ‘माझ्याच शेलमध्ये बसून’ एवढं गृहीत होतं. ते तू लिहिलं नाहीस, कारण तुझ्या आजूबाजूला ते कोणाला लिहावं लागत नाही.

तू टीसीएसएचमध्ये का राहतोस तेही मला माहीत आहे. तुझ्या गुरूंची फाइल तू उचललीस, त्यांनी त्यांच्या गुरूंची उचलली होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला; तुझा टीसीएसएच त्याचाच वाढवलेला अवतार. टाइप केलेली जुनी कमांड परत बोलावता येणं, टोपणनावं ठेवता येणं ही चैन तेव्हा दुसरीकडे नव्हती. बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन बोर्न यांचा शेल 1979 च्या सातव्या युनिक्ससोबत बाहेर पडला; तो लिहायला भक्कम होता, पण हाताला रुक्ष. रात्रंदिवस टर्मिनलसमोर बसणाऱ्या वेधशाळेतल्या माणसांना सी-शेल आवडला यात नवल नाही. मग 1989 मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला, 1990 मध्ये पॉल फालस्टॅड यांचा झेडएसएच आला, आणि ती सगळी चैन बोर्नच्या घराण्यातही आली. 1992 च्या पॉझिक्स मानकाने शेलची भाषा ठरवली तीही बोर्नच्याच वळणाची. सी-शेल त्या मानकाबाहेर राहिला. टॉम क्रिस्टियनसेन यांनी तर सी-शेलमध्ये प्रोग्रॅम लिहू नका म्हणून अख्खा लेख लिहिला. तो लेख छापून मला कोणी दिला होता, आठवतं का रे? आणि तूच अजून तिथे.

बोटांच्या सवयीला मी हसत नाही. तू आयुष्यभर टीसीएसएच वापर. फक्त इथल्या पोरांनी तुझ्यासाठी तो का शिकावा, एवढं मला सांग.

माझा दिवस कसा जातो ते तुला एकदा सांगायला हवं. सीएचबीवर आहे, तासाचे पैसे, तेही मिळतील तेव्हा. काही दिवस मुरबाडला, काही दिवस शहापूरला. सकाळी एसटीने मुरबाड, तिथून सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूर, मिळेल त्या गाडीने. दोन कॉलेजं, दोन लॅब, आणि दोन्हीकडे तोच अभ्यासक्रम. मुरबाडला तू एका सुट्टीत उबुंटू टाकून दिलेली जुनी मशिनं आहेत. अजून चालतात, तुला आशीर्वाद देतात. शहापूरला विंडोज आहे आणि त्याच्या पोटात डब्ल्यूएसएलचं लिनक्स. एका मुलीला डोंबिवलीच्या मामाने जुनं मॅकबुक दिलंय. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून झेडएसएच असतो, तो तिच्याकडे आहे. आणि बाकीच्या पोरांकडे काय आहे? मोबाइल. त्यावर टर्मक्स टाकतात आणि जीपमध्ये, एसटीत, म्हशी पाण्यावर नेताना कमांड मारत बसतात. आपण दोघांनी एका संगणकासाठी किती भांडणं केली होती! यांच्या प्रत्येकाच्या खिशात एकेक लिनक्स आहे.

त्या टर्मक्समध्ये तुझी फाइल कशी चालावी? तिथे नेहमीच्या जागी बिन नाही, यूएसआर नाही. सगळं ॲपच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये आत कुठेतरी. आणि तू पहिल्याच ओळीत काय लिहिलंस? स्वतःच्या होम डिरेक्टरीचा पूर्ण पत्ता, तुझ्या लॉगिन-नावासकट! पोरांच्या मोबाइलवर तुझं घर कुठून असणार, दादा? इथे आपल्या घरात तुझी खाट अजून तशीच आहे, आईने कोणाला झोपू दिलेलं नाही. पण पोरांच्या डिस्कवर तुझी खाट नाही.

मग मी तुझी फाइल बोर्नच्या वळणात उतरवायला घेतली. वाटलं होतं सेटएन्व्हचं एक्स्पोर्ट केलं की झालं. पण शेलांची खरी भांडणं शब्दांच्या पलीकडची आहेत. एलडी लायब्ररी पाथ आधी कोणी ठरवलेलाच नसेल तर तुझा सी-शेल ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ म्हणून ओरडतो आणि थांबतो. म्हणून तू ते ‘आहे का बघ’चं इफ लिहिलं होतंस, ते आता कळलं. बोर्नच्या घराण्यातले शेल ओरडत नाहीत. जुनी किंमत नाही? बरं, रिकामी धरू, म्हणतात. मग नवा पत्ता, त्यापुढे कोलन, आणि कोलनपुढे काहीच नाही, अशी ओळ तयार होते. आणि पाथमध्ये कोलनपुढच्या रिकाम्या जागेचा अर्थ होतो ‘आत्ता उभे आहोत ते फोल्डर’. म्हणजे पोरगं डाउनलोड्समध्ये उभं आहे आणि तिथे कोणीतरी गंमत म्हणून हवी तशी फाइल टाकलीय. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीच्या नावाची ती असेल, तर प्रोग्रॅम तीच उचलू शकतो. एकाच मशीनवर किती तुकड्या बसतात तुला माहीत आहे. मला विचारशील तर ओरडून थांबणारा परवडला, गप्प राहून दार उघडं ठेवणारा नको. या एका बाबतीत तुझा सी-शेल बरा, लिहून देते. बोर्नमध्ये ‘जुनी किंमत असेल तरच कोलन जोड’ असं सांगायची सोय आहे, महिरपी कंसातला कोलन आणि अधिक चिन्ह. ती आता फळ्याच्या कोपऱ्यात कायमची लिहून ठेवलीय, पुसू नका म्हणून चौकट करून.

शहापूरला वेगळाच तमाशा. डब्ल्यूएसएल आपल्या पाथमध्ये विंडोजचाही पाथ आणून ओततं, आणि त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ असतं, मध्ये मोकळी जागा असलेलं, आणि त्याचाच एक्स86 वाला भाऊ कंसासकट. अवतरणचिन्हं न घालता ‘एक्स्पोर्ट पाथ’ लिहिलं की बॅश ते पोटात घालतो. पण एसएच म्हणून जो शेल तिथे बसलाय तो बॅश नव्हे, डॅश. उबुंटूने 2006 पासून एसएचच्या जागी डॅश बसवला, मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून. तिथला डॅश जुना, तो त्या मोकळ्या जागेवर ओळ तोडतो आणि कंसातल्या एक्स86 कडे बोट दाखवून ‘बॅड व्हेरिएबल नेम’ म्हणतो. एक पोरगा दोन तास शोधत होता की आपल्या फाइलीत एक्स86 आलंच कुठून. त्याच्या फाइलीत नव्हतंच ते! डॅशला दुहेरी चौकटी कंसही कळत नाहीत, अ‍ॅरे कळत नाहीत, सोर्स हा शब्दही कळत नाही. त्याला नुसता टिंब लागतो. तुझ्या सी-शेलला टिंब कळत नाही, सोर्सच लागतो. म्हणजे ‘फाइल वाच’ हे सांगायलासुद्धा दोघांना चालेल असा एक शब्द नाही. हसू नकोस. मी त्या दिवशी किन्हवलीपर्यंत गाडीत याच रागात होते.

आणि एक गोष्ट, जी ऐकून तुला बरं वाटेल की वाईट, माहीत नाही. मुरबाडच्या मशिनांवर मी पोरांना भाषा मराठी लावून दिलीय. मेनू मराठीत, तारीख मराठीत. तुझी स्क्रिप्ट तारखेतून महिन्याचं नाव उचलते आणि त्या नावाचं फोल्डर करते. तुझ्याकडे ते इंग्रजी तीन अक्षरी येतं. आमच्याकडे महिना मराठीत आला, फोल्डर मराठीत झालं, आणि पुढच्या जुन्या फोरट्रान प्रोग्रॅमला ते नाव गिळेना. तू फोनवर लगेच म्हणालास, ‘मराठी काढून टाक.’ का काढू? ज्या एका ओळीत तारीख वाचायचीय, तेवढ्या ओळीपुरतं एलसी ऑल बरोबर सी, असं लिहिलं की काम होतं. पोरांच्या पडद्यावरची मराठी तशीच राहते. एवढं करायला तुला काय झालं होतं?

थोडं शांत होते. चहा घेऊन आले.

तुला खोडद आठवतं? 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन, बाबा आपल्याला एसटीने माळशेज चढून घेऊन गेले होते. तू खिडकीशी, मी तुझ्या मांडीवर, कारण मला गाडी लागायची. आळेफाट्याला उतरून पुढे नारायणगाव, तिथून खोडद. शेतांच्या मध्ये त्या तारांच्या जाळीच्या थाळ्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची, अशा 30. चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर लांब लांब. बाबांनी विचारलं होतं, एवढ्या सगळ्या कशाला, एकच मोठी का नाही बांधली? आणि तिथल्या एका माणसाने, चपला घातलेल्या, साध्या शर्टातल्या, न कंटाळता बाबांना समजेल असं सांगितलं की या सगळ्या मिळून एकच आहेत, दूरदूरच्या थाळ्यांचे संकेत एकत्र जुळवले की जणू तेवढ्या पसाऱ्याची एक दुर्बीण होते. बाबा सातवी पास. त्या माणसाने बाबांना ‘आधी भौतिकशास्त्र शिकून या’ म्हटलं नाही. परतीच्या गाडीत बाबा घाटभर तेच बोलत होते. ती दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांचं नाव त्यांनी मरेपर्यंत नीट लक्षात ठेवलं होतं.

तू त्या दिवशी ठरवलंस की तिथेच जायचं. गेलासही. घाटाच्या वर तू, खाली आम्ही. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलं की पलीकडे जुन्नर. सातवाहनांच्या काळात कल्याणचा माल याच वाटेने वर जायचा, जकातीचा दगडी रांजण अजून आहे. त्या मानाने तुझी-माझी फाइल काय, बटण दाबलं की पोहोचते. मला वाटतं, म्हणूनच ती कोणाकडे चाललीय याचा विचार होत नाही.

बरं, मी काय केलं ते सांगते. तू तपासायचं आहेस.

जगाने यावर तीन तऱ्हेचे उपाय केलेत. पहिला, प्रत्येक शेलसाठी वेगळी फाइल. रेडिओ निरीक्षणांवर प्रक्रिया करणारं तुमचं ते म्हातारं एआयपीएस, 1978 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं, त्यात लॉगिन डॉट एसएच आणि लॉगिन डॉट सीएसएच अशा दोन असतात ना? पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये ॲक्टिव्हेटही असंच, साधं, सीएसएचचं, फिशचं, पॉवरशेलचं. मोठ्या संस्थेला हे जमतं. मला एकटीला नाही जमत. पीजीप्लॉटची जागा बदलली की चार फायलींत बदला, आणि चौथी राहतेच.

दुसरा उपाय मला फार आवडला. 1991 साली जॉन फर्लानी यांनी मांडलेली मॉड्यूल्सची पद्धत. त्याच वर्षी पुण्यात सीडॅकने परम 8000 उभा केला, आणि आज परम मालिकेतल्या यंत्रांवर बसलेली माणसं काम सुरू करताना ‘मॉड्यूल लोड’ असंच टाइप करतात. युक्ती साधी आहे. काय बदलायचं ते एकदाच, एका तटस्थ फाइलीत लिहायचं. मग एक प्रोग्रॅम विचारतो, बाबा तू कोणत्या शेलचा? आणि त्या शेलच्या भाषेत ओळी छापून देतो; शेल त्या ओळी इव्हॅलने आपल्याआपण वाचून घेतो. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या एन्व्हायरन्मेंटला हात लावत नाही, लावू शकतही नाही. तो फक्त काय म्हणायचं ते लिहून देतो. तू रोज वापरतोस तो एसएसएच-एजंटही असंच करतो, एस दिलं तर बोर्नच्या भाषेत, सी दिलं तर सी-शेलच्या. रोज वापरूनही तुला सुचलं नाही ना?

आणि तिसरा, ज्यात मुळात सोर्स करायचंच नाही. पोरांना खरं तर आपल्या टर्मिनलचं एन्व्हायरन्मेंट बदलून काय करायचंय? त्यांना पल्सार शोधणारं प्रेस्टो चालवायचंय, आलेख काढायचाय, पल्सारचा ठोका दिसला की ‘मॅडम, दिसला!’ म्हणून ओरडायचंय. मग पॉझिक्सच्या साध्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती नेहमीसारखी चालवायची. पहिल्या ओळीने तिला एसएच मिळतो, बाहेर बॅश असो, झेडएसएच असो, नाहीतर तुझा टीसीएसएच असो. ती सगळ्या किमती ठरवते आणि शेवटी एक्झेक करून आपली जागा त्या प्रोग्रॅमला देते. तो प्रोग्रॅम गाठोडं घेऊनच जन्मतो. संपला की गाठोडंही संपलं, टर्मिनल जसा होता तसा स्वच्छ. दोनदा चालवलं म्हणून पाथमध्ये तोच पत्ता दोनदा चिकटत नाही. शिवाय चालवलेल्या स्क्रिप्टला आपण स्वतः कुठे ठेवलेलो आहोत हे कळतं. सोर्स केलेल्या फाइलीला ते बॅशमध्ये एका तऱ्हेने विचारावं लागतं, झेडएसएचमध्ये दुसऱ्या, आणि डॅशमध्ये विचारायची सोयच नाही. म्हणून तर तू घराचा पत्ता लिहून मोकळा झालास! आता तो लागत नाही. फोल्डर पेनड्राइव्हवर असो की मोबाइलमध्ये, स्क्रिप्ट आपल्या शेजारी बघते आणि बाकीचं शोधून काढते.

पोरांनी तिचं नाव ठेवलंय ‘चल’. ‘चल पायथन’, ‘चल प्रेस्टो’. शहापूरचं एक पोरगं नुसतंच ‘चल’ टाइप करून एंटर दाबायचं, म्हणून आता पुढे काही नसेल तर ती त्याच माणसाचा नेहमीचा शेल उघडून देते, सगळं भरून ठेवलेला. तुझ्यासारख्या हट्टी लोकांसाठी दुसरी सोयही ठेवलीय: ‘चल’ला सीएसएच म्हटलं तर ती सेटएन्व्हच्या ओळी छापते, एसएच म्हटलं तर एक्स्पोर्टच्या, फिश म्हटलं तर फिशच्या. यादी मात्र एकच, नाव-बरोबर-किंमत, एका ओळीला एक. त्यात शेल नाही, इफ नाही, चलाखी नाही. मशीनवर हात चालवायला पहिल्यांदा बसलेली पोरगीही ती वाचून बदलू शकते, आणि बदलते. परवा एकीने टेम्पोची जागा स्वतःच दुरुस्त केली.

म्हणजे ‘चल’ सगळीकडे चालते असं मी म्हणत नाही. विंडोजच्या नुसत्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नाही चालत, आणि मला तिथे जायचंही नाही. टर्मक्सवर प्रेस्टो बांधायचा नाद मी सोडून दिला; मोबाइलवर पोरं पायथननेच आलेख काढतात. पाथमधली मोकळी जागा सांभाळली, सी-शेलमधलं उद्गारचिन्ह मात्र अजून त्रास देतं, ते एकेरी अवतरणातही शांत बसत नाही. किमतींमध्ये उद्गारचिन्ह लिहायचं नाही, असा मी नियमच केलाय. तुला याहून चांगला उपाय ठाऊक असेल तर सांग, पण ‘मग टीसीएसएच वापरू नका’ हा उपाय नाही, आणि ‘सगळ्यांना टीसीएसएच टाकायला सांग’ हाही नाही.

रागावलास? रागावू नकोस. तुझ्या फाइलीत एक गोष्ट होती जी मला कोणी दिली नसती. प्रत्येक सेटएन्व्हच्या वर तू टिप्पणी लिहिली होतीस, ही किंमत कशाला लागते, नसेल तर काय बिघडतं. ‘हा फॉन्ट सापडला नाही तर आलेख निघेल पण अक्षरं नसतील, घाबरू नकोस.’ ते ‘घाबरू नकोस’ माझ्यासाठी लिहिलं होतंस ना? वेधशाळेतल्या कोणासाठी तू असं लिहिणार नाहीस. त्या टिप्पण्या मी एकही अक्षर न बदलता यादीत उतरवल्यात. शेल बदलला तरी त्या तशाच वाचता येतात. पोरं विचारतात, ‘मॅडम, दादा इतकं नीट लिहितात, मग येत का नाहीत?’

येत का नाहीस? माळशेज काही वर्षभर बंद नसतो.

फेब्रुवारीत पोरांना घेऊन खोडदला यायचा विचार आहे. मुरबाड आणि शहापूर, दोन्हीकडची मिळून एक गाडी. शहापूरची पोरं आदल्या रात्री आपल्याकडे टोकावड्याला राहतील, आईने अंथरुणांचा हिशेब आत्ताच सुरू केलाय. त्या दिवशी तू थाळीखाली उभा राहून यांना समजावून सांगायचंस, त्या माणसाने बाबांना सांगितलं तसं. रजा नाही, मीटिंग आहे, हे काहीही चालणार नाही. आणि त्याआधी एकदा खाली ये. आईचे गुडघे दुखतात, तिला घाट चढायला लावू नकोस.

‘चल’ आणि यादी सोबत जोडलीय. तुझ्या मशीनवर, तुझ्या टीसीएसएचमध्ये, आधी साधी चालवून बघ आणि मग इव्हॅलने. जिथे अडेल ती ओळ आणि आलेला संदेश जसाच्या तसा मला पाठव. ‘चालत नाही’ एवढंच लिहू नकोस. रविवारपर्यंत कळव, सोमवारी शहापूरला प्रॅक्टिकल आहे.

साष्टांग नमस्कार.

तुझी,
धाकटी